एक इंच माया सोडून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार हा शब्द सवयीने हातातून उतरला आहे, पण आजच्यापुरता तो उभ्याउभ्या केलेला समज. तुझी तब्येत ठीक असेलच. दुसऱ्यांना सल्ले देणाऱ्यांच्या तब्येती कायम ठणठणीत असतात. भाऊजींचा गुडघा कसा आहे? (हे मात्र मनापासून विचारतोय. त्यांचा यात काही दोष नाही, ते बिचारे कुणाला काही सांगायलाच जात नाहीत.) मुलींना आशीर्वाद. आमच्याकडचं कुशल विचारू नकोस, कारण ते शिल्लकच नाही आणि त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि आज मला माझी सगळी वाक्यं पुरी करायची आहेत.

तुला माहीतच आहे की बारकीची आई तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेली आहे. (नर्सला एवढी वर्षं नोकरी झाल्यावर पुन्हा काय शिकवतात ते तिच्या दवाखान्यालाच ठाऊक. मला बाह्या लावायला कुणी पुन्हा शिकवलं तर मी त्याला दुकानातून हाकलून देईन.) जाताना तिने माझ्या मापाच्या टेपला तेरा इंचांवर एक लाल दोरा बांधला आणि पोरीला सांगितलं की मी परत येईन तेव्हा तुझी वेणी इथपर्यंत आलेली असली पाहिजे. आठ वर्षांच्या पोरीला एवढं सांगणं पुरतं. दर रविवारी सकाळी ती दुकानात येऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि मी मानेपासून वेणी मोजायचो. साडेअकरा, बारा, सव्वाबारा. गेल्या महिन्याच्या शेवटी पावणेतेरा झाली तेव्हा पोरीने गल्लीभर सांगितलं. माझ्या टेपला दोरा बांधलेला बघून गिऱ्हाइकं हसायची, तरी मी तो सोडला नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

अडचण होती ती गुंत्याची. हिचे केस कुरळे, तेही असे की फणी घातली की फणीच आत अडकून बसते. आई असताना रोज सकाळी तेल, पाणी आणि बोटं वापरून काहीतरी जादू व्हायची. मी फणी लावली की पोर असं किंचाळायची की समोरच्या घड्याळवाल्याच्या हातातला स्क्रू खाली पडायचा. (तो एकदा येऊन म्हणाला, मास्तर, आत काय चाललंय? मी म्हटलं, वेणी. तो स्क्रू शोधायला परत गेला.) टोकांचा तर लोकर दाबून करतात तसा नुसता नमदा झाला होता. तेव्हा मी तुला फोन लावला, ही माझी आयुष्यातली मोठी घोडचूक. माझे दोन्ही हात एका कोटात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून पोरीच्या हातात दिला. तू म्हणालीस, टोकं छाट, टोकं छाटली की गुंता होत नाही. पोरीला जरा मायेने घे, म्हणालीस. आणि आधी केस चांगले ओले कर, असंही म्हणालीस. तेवढ्यात कोटवालं गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठलो. (मुद्द्याचं सगळं कळलं होतं. तुझं पुढचं बोलणं हे नेहमी मागच्याचंच पाणी घातलेलं असतं.)

आता मला सांग, ज्याची उभी हयात कापड बेतण्यात गेली, त्याला तू काय सांगतेस याचा विचार तू करायला नको? सुती कापड आधी पाण्यातून काढतात. ते पाण्यात काय आटायचं ते आटतं, आणि मग जे माप भरतं ते खरं माप, ते पुढे बदलत नाही. हे आपल्या अण्णांनी मला शिकवलं आणि तुझ्या देखत शिकवलं. तेव्हा तू ओले कर म्हणालीस, त्याचा अर्थ मी दुसरा काय घेणार? मी पोरीला कटिंगच्या टेबलावर बसवलं, केस ओले केले, गच्च ओले केले, मोठ्या दातांच्या फणीने सरळ ओढले (त्या दिवशी फणी कशी लोण्यातून जावी तशी गेली, तिथेच मला संशय यायला हवा होता) आणि टेप लावली. भरले किती? सतरा इंच! ताई, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. म्हटलं, पोरीचे केस केव्हाच दोरा ओलांडून गेलेत आणि आपण इतके दिवस सुकं माप घेऊन तिला फसवत होतो. लाल दोऱ्याला लागणार तेरा. म्हणजे चार इंच चक्क जास्तीचे, आणि गुंता नेमका त्याच चार इंचांत.

तरीसुद्धा मी घाई केली नाही. तुझं मायेचं बोलणं कानात होतं. आता टेलरला कुणी माया म्हटलं की त्याला शिवणीत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापडच दिसतं, पुढेमागे उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून सोडलेलं. मी एक इंच माया सोडली. तेरा अधिक एक, चौदा. मानेखाली पाठीवर खडूने रेघ मारली, केसांना खाली दोन क्लिपा लावल्या, आणि जी कात्री मी कधी कागदालाही लावू देत नाही त्या कात्रीने तीन इंच सरळ रेषेत उतरवले. असा सरळ काठ तुला मोठमोठ्या सलूनमध्ये मिळणार नाही. (पोर मध्येच मान वळवून काहीतरी सांगायला बघत होती, पण कात्री चालू असताना बोलायचं नाही हा आपल्या घरातला अण्णांपासूनचा नियम आहे.)

मग केस वाळायला लागले.

कापड वाळताना आटत नाही गं! हे केस पाण्यात ताणले जातात आणि वाळताना आटतात, ही असली उलटी तऱ्हा मला कोण सांगणार होतं? अर्ध्या तासात काठ खडूच्या रेघेवरून वर सरकला. मी टेप लावली तर बारा. पोर म्हणाली, बाबा, परत मोजा. परत मोजले तर साडेअकरा. तासाभराने साडेदहा, आणि तेही डावीकडे, कारण उजवीकडची वळणं ढिली होती आणि तिथे अकरा भरत होते. आता एक बाजू लांब ठेवून पोरीला शाळेत कशी पाठवणार? मी उजवीकडून अर्धा इंच घेतला. ती बाजू उसळी मारून वर गेली. मग डावीकडून घेतला, तोही जरा जास्तच, आणि दर फेरीला कात्रीचा घास मोठा होत गेला. टेबलाचा एक पाय आखूड झाल्यावर दुसरे कापत बसणाऱ्या माणसाला मी आजवर मूर्ख म्हणत आलो, त्याची या पत्राद्वारे माफी मागतो. पाचव्या फेरीला केस कानाच्या वर पोचले आणि तिथून चहूबाजूंनी आडवे वाढल्यासारखे उभे राहिले. वेणीचं नाव सोड, त्यात रबरबँडसुद्धा टिकेना. शेवटी शेजारच्या सलूनवाल्याला बोलावलं. त्याने पोरीभोवती एक फेरी मारली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, मास्तर, मी कधी तुमच्या गिऱ्हाइकाची पँट आखूड केलीय का? संताप संताप झाला माझा. पण त्याने जेवढं सावरता येईल तेवढं सावरलं, हे खरं.

आज नववा दिवस आहे. पोर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. रडली असती, आदळआपट केली असती तर मी समजू शकलो असतो. ती बोलते ती दुकानातल्या पुतळ्याशी, तोच, डोक्यावर एकही केस नसलेला, ज्याला मी तयार कपडे घालून दारात उभा करतो. पहिल्या दिवशी तिने त्याला विचारलं, तुझे पण ह्यांनीच कापले का? दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दोघंही उठून बाहेर जाऊन हसली. आता घरातला सगळा कारभार पुतळ्यामार्फत चालतो. दूध संपलंय असं ह्यांना सांग. प्रगतिपुस्तकावर सही करायला सांग. मीही त्यालाच उत्तर देतो, दुसरा इलाज काय? आणि रविवारी सकाळी ती मापाला आली नाही. मी टेप गळ्यात घालून दहा वाजेपर्यंत दारात उभा होतो. दोरा अजून तेरावरच आहे. तो सोडायला गेलो तर बोटं चालेनात. सुईत दोरा ओवणारी बोटं आहेत ही, ताई. एवढा राग मला तुझा आयुष्यात आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर राग नेमका कुणाचा आलाय ते हल्ली मला दुपारनंतर नीट आठवत नाही. पण सकाळी उठलं की तुझाच असतो.

तेव्हा यापुढे आमच्या घराच्या बाबतीत तू एक अक्षर बोलायचं नाहीस. तेलाबद्दल नाही, पाण्याबद्दल नाही, मायेबद्दल तर मुळीच नाही. तुझ्या मुलींचे केस पावसाच्या धारेसारखे सरळ, तुला गुंता कशाशी खातात ते काय माहीत? तुझा माझा संबंध इथून पुढे फक्त भाऊजींच्या गुडघ्यापुरता राहील.

तुझा (तूर्त नाइलाजाने) धाकटा भाऊ

ता. क. बारकीच्या आईचा फोन आला तर केसांचा विषय काढू नकोस. मी नऊ दिवस पोर झोपली आहे असं सांगतोय. दुपारी चार वाजतासुद्धा.

ता. क. दोन. ती शनिवारी येते आहे. तू शुक्रवारीच ये. आणि ती दारात आली की तूच पुढे होऊन सांग की केस तू कापलेस. नाहीतरी चूक तुझीच आहे, फक्त कात्री माझी. शिवाय मी सहा वर्षांचा असताना तू अण्णांच्या कात्रीने माझी शेंडी ते कपाळ अशी पट्टी उडवलीस आणि अण्णांना सांगितलंस की यानेच हट्टाने कापून घेतले. मी तेव्हा ब्र काढला नव्हता. तो ब्र मी आज परत मागतोय. ये गं ताई. मला एकट्याने ते दार उघडवणार नाही.

ता. क. तीन. आत्या, हे मी लिहितेय. पत्र पेटीत टाकायला बाबांनी पुतळ्याच्या हातात ठेवलं होतं आणि पाकीट चिकटवायला विसरले, म्हणून मी वाचलं. तू फोनवर म्हणाली होतीस की ओले करून गुंता सोडव, मग पूर्ण वाळू दे, आणि कोरड्या केसांची फक्त टोकं काप. बाबा ओले कर ऐकून उठून गेले. पुढचं मी ऐकलं, फोन माझ्याच हातात होता. मी तेच सांगत होते पण कात्री चालू होती. तू शुक्रवारी ये पण खोटं बोलू नकोस. आईला मी सांगणार आहे की मला उकडत होतं म्हणून मीच कापायला लावले. रोज वेणी घालताना मी ओरडले की बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते त्यांनी लिहिलंच नाहीये. दोरा मी आत्ताच सोडून चार इंचांवर बांधलाय, त्यांनी अजून बघितला नाही. हे त्यांना सांगू नकोस. मी त्यांच्याशी बोलत नाहीये.