काशीचा फेब्रुवारीचा हप्ता

४ जुलै

हेतलबेनने आज झापलं मला! माझं टॅक्सचं रिटर्न भरणारी ती, मी आपली वह्या घेऊन समोर. "दीपालीताई, कमिशन म्हणजे पगार नव्हे. धंद्याचं उत्पन्न आहे ते. नुसता आकडा सांगून भागत नाही!" पेट्रोल, फोन, झेरॉक्स — सगळं लिहून आण म्हणते. वर कंपनीने दाखवलेलं कमिशन आणि माझी वही जुळत नाही. पॉलिसीवार कागद काढा आणि ताडून बघा म्हणाली. पंधरा वर्षं विमा विकतेय, पण हा महिना आला की सगळं सोडून चिठ्ठ्या शोधत बसते.

६ जुलै

दिवसभर पेट्रोलच्या चिठ्ठ्या. अर्ध्या पुसल्यात मेल्या!

संध्याकाळी मिरकरवाड्यात काशीकडे. तिच्या नवऱ्याला, महिपतला जाऊन कालच महिना झाला. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली म्हणून बोट वर ओढत होते, तिथेच छातीत कळ आली आणि संपलं. शाळेपासूनची माझी मैत्रीण ती, नुसती भिंतीला टेकून बसलेली. मृत्यूचा दाखला हातात दिलान. "आता तूच बघ गो काय ते." मी म्हटलं, विम्याचे पंधरा लाख मिळतील, मनस्वीचं नर्सिंग थांबायचं नाही. तेव्हा कुठे लेकीने वाढलेले दोन घास तिने खाल्ले.

९ जुलै

फरक सापडला. तीनशे ऐंशी रुपये. मार्चमध्ये एका पॉलिसीचं कमिशन आलंच नाही.

महिपतची पॉलिसी. हप्ता भरलेलाच नाही.

१० जुलै

देवा, असं कसं केलं मी!

११ जुलै

लिहूनच काढते. सांगणार कोणाला?

काशी वर्षाचा हप्ता रोख आणून देते, मासळीच्या पैशातला, पिशवीत गुंडाळून. पावती कधी मागत नाही. फेब्रुवारीत सात हजार सहाशे दिलेन. त्याच आठवड्यात गौरव म्हणून एका नव्या गिऱ्हाइकाची मोठी पॉलिसी अडलेली — पहिल्या हप्त्यातले थोडे तुम्ही घाला, तरच सही करतो म्हणे. टार्गेटला तेवढी एकच कमी. सगळेच एजंट घालतात. मी काशीचे घातले. परवा आपले भरू म्हटलं... आणि विसरले.

महिपतची पॉलिसी बंद पडल्याचे मेसेजही माझ्याच फोनवर आलेत. महिपत समुद्रात, रेंज नसते, म्हणून फॉर्मवर मीच माझा नंबर लिहिलेला. मिरकरवाड्यातल्या सगळ्यांच्या फॉर्मवर तोच. दिवसाला पन्नास मेसेज येतात, कोण वाचतंय! साधा मुदतीचा विमा तो. बंद पडला की दमडी मिळत नाही.

१३ जुलै

हेतलबेनला विचारलं, गौरवसाठी घातलेले पैसे खर्चात दाखवता येतील का? "छे छे! ते कायद्यातच बसत नाही. कमिशन मात्र पूर्ण दाखवायचं." म्हणजे गौरवच्या सहीचं कमिशन माझं उत्पन्न, आणि महिपतचे पैसे कुठेच नाहीत. मला तिथेच रडू फुटलं. तिला वाटलं, टॅक्स जास्त आला म्हणून. "अहो ताई, उलट रिफंड येतोय तुम्हाला!"

१४ जुलै

काशीकडे गेले. सांगायलाच गेले होते. तिने भात आणि सुकटाचं कालवण वाढलं. मी जेवून परत आले. लाज नाही मला!

१५ जुलै

रिटर्न गेलं. शेवटी हेतलबेनने वाचून दाखवलं — दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. मी मान हलवली.

उद्या काशीला सांगणार. घर गहाण टाकायला लागलं तरी चालेल. एजन्सी गेली तरी चालेल. पण सांगणार.

१६ जुलै

फार पाऊस. गेले नाही.

१७ जुलै

काशीच आली. चप्पल काढतानाच रडायला लागली. धीर धरवेना म्हणून एकटीच विमा ऑफिसात जाऊन आली होती. हप्ताच भरलेला नाही, तिथे सांगितलं तिला. "मीच दिले नसतील गो तुला. तेव्हा नवीन जाळं घेतलेलं ना, त्यातच गेले असतील. मनस्वीला बोलू नको हां. बापाचे पैसे आयशीने घालवले म्हणेल ती."

मी म्हटलं, नाही बोलणार.