विहीणबाईंच्या गोधडीला माझं ठिगळ

विहीणबाई,

'प्रिय' लिहिणार नाही. जिवंतपणी कधी म्हटलं नाही, आता कशाला खोटं? परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. जो तो तुमचे गोडवे गात होता. माझी पाळी आली, तशी मी वाढायला उठले. तेव्हा राहिलेलं आज लिहिते. चौथीचं अक्षर आहे, लावून लावून वाचा.

वयाने मी थोरली. पण आधी जायचा मानही तुम्हीच घेतलात! तोही झोपेत, कुणाला त्रास न देता. सगळं कसं तुम्हालाच नीटनेटकं जमायचं हो?

तुमच्यामागे आपली नात सई शाळेतून आल्यावर घरात कोणी हवं, म्हणून मी धायरी सोडून हडपसरला लेकाकडे राहायला आले. हॉलमध्ये पाऊल टाकलं, तर शोकेसपुढे तुमच्या साड्यांची गोधडी टांगलेली! माझ्या लेकाच्या घरात! सई शाळेत शिकवतात त्या गोल्फची काठी घेऊन तिच्यावर चेंडू मारत होती. चेंडू गोधडीला लागायचा नि तिथेच खाली पडायचा. "आजीने शिवली," म्हणाली. तुम्ही नुसत्या आजी. मी 'धायरीची आजी'. मुलाची आई मी, आणि गावाचं नाव मलाच चिकटवायचं?

चेंडू हातात घेतला तर काय, स्पंज! पावाइतका हलका. सई सांगायला लागली, "आजीने आणलेत. घरातल्या प्रॅक्टिसचे असेच असतात. कितीही जोरात मार, लांब जात नाहीत." मी मनात म्हटलं, विहीणबाईंनी पोरीला स्वस्तात गुंडाळलं. वरमाय मी! देईन ते खरं देईन. जुन्या बाजारातून चांगले टणक, पांढरेशुभ्र चेंडू घेऊन आले.

"हे घरात नाही चालत गं," सई म्हणाली.

"मार. मी आहे ना!"

मारला तिने. तुमची गोधडी मार खाऊन खाऊन मधे विरलेलीच होती, ती टर्रकन फाटली आणि मागची काच खळ्ळकन खाली! तुमची लेक ऑफिसातून आली, काचा भरल्या, एक शब्द बोलली नाही. ही तुमचीच शिकवण. माझ्या लेकीने घर डोक्यावर घेतलं असतं, मलाही बरं वाटलं असतं.

सईला काचेचं काहीच नव्हतं. गोधडी पोटाशी धरून रडत बसली. "आजीची गोधडी फाटली!" मी म्हटलं, "अगं, आजी ही काय समोर उभी आहे." तर म्हणते, "तू धायरीची."

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मग कुणाचा करू? जिवंत कुणी माझ्या वाटेत नाही.

तुमच्या साड्या कपाटात घडी घालून ठेवल्यात. सुनेने दिली असती एखादी. मी मागितली नाही. माझं हिरवं लुगडं काढलं, लग्नात वरमाय म्हणून नेसलेलं. मांडवात तुम्ही दोनदा वळून बघितलं होतंत, आठवतंय ना? कात्री लावताना हात अडला, खोटं कशाला बोलू! दुहेरी ठिगळ घातलं, बरोबर मधोमध.

सईने गोधडी पुन्हा टांगली. स्पंजचा चेंडू ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मारला. "धायरीची आजी, हिरव्यावर बसला!" आता रोज हिरव्यावरच नेम धरते. 'धायरीची' काही सुटत नाही मेलं.

शब्द देते, विहीणबाई. गोधडी उतरवणार नाही. चेंडू झिजले तर तसलेच हलके आणीन. पण हिरवं विरलं, की वर पुन्हा माझंच लुगडं लागेल. तुमच्या साड्या राहू देत कपाटात. कडेकडेने तुम्ही आहातच की! मधली जागा मी देत नाही.

सईची आजी
(धायरीची)