तक्त्याचा चौथा रकाना

३ ऑक्टो.
आप्पांची, माझ्या वडिलांची, वही आज वेबसाइटवर चढली. चारशे बारा पानं. वडवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात आयुष्यभर कंपाउंडर, सायकलीवर वस्त्या हिंडून शेळ्या-मेंढ्यांचं जे पाहिलं ते सगळं. कुठं चहा बरा मिळतो तेसुद्धा. टाइप करायला मला दीड वर्ष. आधी पीडीएफ केलतं. लोकांनी दोन बोटांनी ताण ताण ताणलं आणि बंद केलं. आता मोबाईलच्या रुंदीत ओळी आपोआप बसतात, जिथं सोडलं तिथंच परत उघडतं.
काचबिंदूनं आप्पांना आता दिसत नाही. त्यांनी विचारलं, कोण वाचणार? मेंढरांमागची माणसं वाचतील, असं म्हणून मी मोकळी झाले. पुण्याच्या वेबसाइट कंपनीच्या कामात मात्र मीच गिऱ्हाइकाला रोज सांगते, मोबाईलवर लांबलचक कोणी वाचत नाही, कापा. काय तोंड आहे माझं.

६ ऑक्टो.
बाजारात मथुराबाई भेटली. मेंढरंवाली, आप्पांची तीस वर्षांची ओळख, शाळा चौथीपर्यंत. तिच्या मो.वर उघडून दिलं. काच तडकलेली, अक्षर एवढं मोठं केलेलं की ओळीत दोनच शब्द. माझी सगळी मांडणी तिच्या हातात पार विस्कटली. तिला त्याचं काहीच नाही. कांद्याच्या ढिगाशेजारी उभी राहून अंगठ्यानं वर ढकलत राहिली, ओठ हलवत. म्हटलं, मावशी, थोडक्यात करून देऊ का?
"कावून? डाक्टर थोडक्यात कवा बोलले?"
आप्पा कंपाउंडर. हिच्यासाठी डाक्टरच.

९ ऑक्टो.
म.बाईचा फोन. खुरांच्या रोगापर्यंत आली! मेंढरं चरतात तोवर वाचते. खूण कशी ठेवता विचारलं, तर खरूज बाभळीखाली वाचली, गोचीड ओढ्यापाशी. परत बघायचं तर आधी जागा आठवते, मग मजकूर सापडतो. मी अनुक्रमणिकेवर चार दिवस घातलेत. 
आप्पांना सांगितलं. रात्री त्यांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

१३ ऑक्टो.
हे आजच लिहून ठेवते.
सका. म.बाईचा फोन. कळपाला जंताचं औषध द्यायचं होतं. तक्ता उघडला : औषध, मेंढीचं वजन, किती द्यायचं. पिचकारी भरली. आणि थांबली.
"पोरी, ह्येच्यात डाक्टरचं शेवटचं बोलणं न्हाई. सायकलीवर टांग टाकली की माघारी वळून सांगायचेच, कुणाला द्यायचं न्हाई ते. हे मधीच संपलंय."
लॅपटॉपवर पाहिलं. चार रकाने. चौथ्यात : नुकत्याच गाभण राहिलेल्या मेंढीला देऊ नये, गर्भाला धोका. मग तिच्यासारखं अक्षर मोठं केलं. चौथा रकाना पडद्याबाहेर. बोटानं सरकवूनही येईना. ते सरकणं मीच बंद केलतं, पान डुगडुगतं म्हणून. दिसायला छान हवं ना बाईसाहेबांना!
तिच्या कळपात निम्म्या मेंढ्या नुकत्याच गाभण. सांगितलं तिला. "मला वाटलंच," एवढंच म्हणाली.
जे पडद्यावर नव्हतंच ते हिनं वाचलं. मला हे अजून पचत नाही.
साइट बंद ठेवलीय.

१४ ऑक्टो.
दिवसभर तक्ते फोडले. एकोणसत्तर. आता प्रत्येक औषधाचा वेगळा चौकोन, सगळं एकाखाली एक. अक्षर कितीही मोठं करा, काही बाहेर जात नाही. म.बाईएवढं अक्षर करून एकेक तपासलं.
आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

१५ ऑक्टो.
सांगितलं. वाटलं चिडतील. म.बाईचे शब्द परत एकदा सांगायला लावले. मग म्हणाले, "म्हणजे ती ऐकत होती."
त्यांना वाटायचं, आपण वळेपर्यंत माणसं मेंढरांकडं गेलेली असतात. तीस वर्षं वाऱ्यावर बोलतोय असं धरून चालले होते. डोळे पुसले त्यांनी. मीही.
मी म्हटलं, तुमची पद्धतच होती ना, महत्त्वाचं शेवटी सांगायची. म्हणे, कसली पद्धत, आठवायचंच तेव्हा! ते सगळ्यात वर घाल.
वर घातलं. म.बाईसाठी खालीही ठेवलं. साइट सुरू.

२९ ऑक्टो.
दिवाळी झाली. म.बाई कळप घेऊन तेलगावकडं निघाली, उसाच्या पट्ट्यात खतासाठी मेंढरं बसवायला. तिकडं रेंज येते-जाते, म्हणून अख्खी वही फोनमध्ये उतरवून दिली. निघताना सहज म्हणाली, पिचकारी भरायच्या आधीच त्या जुन्या तक्त्याचा फोटो काढून दोघांना धाडलता, पुढचं कळवायचं राहूनच गेलं.
कुणाकुणाला, ते तिथंच विचारून घेतलं.
एक तिचा दीर. त्यानं औषध अजून आणलेलंच नाही, सुटले. दुसरा बापू, तोही मेंढरंवाला, कळप घेऊन केजकडं गेलाय. फोन बंद.

१ नोव्हें.
बापूचा फोन बंद.

२ नोव्हें.
बंद. म.बाईनं निरोप सोडलाय. तेलगावहून जो कळप केजकडं जाईल त्याला सांगतेय, बापू दिसला तर गाभणीला औषध नको म्हणावं. तोंडी. एका कळपाकडून दुसऱ्याकडं. माझी एवढी वेबसाइट, आणि भिस्त त्या बायामाणसांवर.

४ नोव्हें.
दु. चार. नंबर लागला! रिंग जातेय. आप्पांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हटलं, आधी कोण बोलतंय ते तरी सांगा त्याला. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "नावगाव मागून. आज पहिलं गाभणीचंच."
त्यांचे पाय हलतायत, सायकल मारत असल्यासारखे. अजून उचलला नाही. रिंग जातेय