चुलीवाचून शिजलेला भात

२ ऑगस्ट १९९८, रविवार

माधुरी आजही जेवायला आली नाही. दोनदा दारात जाऊन बघून आले. तिच्या वाटणीचा भात शेवटी आम्ही दोघा नवराबायकोनेच संपवला.

मुलगी अनंतची विद्यार्थिनी, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. घर पूर्णगडला, वडलांची होडी आहे. इथे समोरच्या शांताकाकूंच्या मागच्या खोलीत राहते. जुलैत खानावळीचं खाऊन कावीळ झाली. डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलं. घरून रोज ये-जा करायची तर एसटीपायी प्रॅक्टिकल बुडतात. म्हणून म्हटलं, आमच्याकडे जेव. जेवली थोडे दिवस. मग बंद.

"काकू, तुम्ही मायेनं वाढता, पण रोज दुसऱ्याच्या पाटावर कशी बसू? बाबा म्हणतात, कुणाचं मिंधं होऊ नको."

बाबांचा निरोपही आलाय. गणपती झाले की ट्रंक उचलायची, कॉलेज बस्स.

एवढ्या हुशार मुलीचं शिक्षण दोन वेळच्या भातावर अडावं. अनंत म्हणतो, वर्गात इतके चांगले प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार

शांताकाकूंकडे जाऊन आले. खोलीत एक स्टोव्ह ठेवू द्या, एवढंच मागणं.

"चहाचं पाणी खुशाल तापवू दे. भात नाही."

"भातानं काय होतं?"

"अगो, चूल पेटली की कूळ झालं! आमच्या मामंजींनी खाचराच्या कडेला एकाला खोपटं घालू दिलं. त्यानं तीन दगड मांडून भात शिजवला. पुढे कायदा आला, नि कसतो त्याचं खाचर झालं. राहती जागा तेवढी वाचल्ये माझी."

बरोबर आलेल्या अनंतने समजावलं, की तो कायदा शेतजमिनीचा, भाड्याच्या खोलीला लागत नाही.

"तुझा कायदा पुस्तकात रे. माझं खाचर गेलं ते खरंखुरं गेलं."

बाई दुष्ट नाहीत. माधुरी आजारी असताना रात्र रात्र उशाशी बसल्या होत्या. पण चूल म्हटलं की डोळ्यांत भीती दिसते, खरी.

६ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस. लिहायला बसले होते, गोष्ट पुढे सरकेना. मधेच फिनलंड आठवलं.

अनंतच्या अभ्यासासाठी आम्ही तिथे होतो ते वर्ष. विद्यार्थ्यांची इमारत, एका मजल्याला एकच स्वयंपाकघर. शेजारच्या खोलीतली आइनो. कधी शेगडीपाशी उभी राहिलेली पाहिली नाही तिला. एकदा रानात फिरायला घेऊन गेली. सगळीकडे बर्फ, शब्द तोंडातच गोठावेत असं. एका ओंडक्यावर बसून तिने रुंद तोंडाचा थर्मास उघडला. आत सकाळी टाकलेले सातूचे दाणे फुलून मऊ झालेले, वाफ येत होती.

आग नाही, धूर नाही, राखणारं कोणी नाही. आम्ही चालत होतो आणि तिच्या पाठीवर अन्न शिजत होतं.

मी बघतच राहिले होते. आज तसंच वाटलं. आणि उठलेच. तो थर्मास तिने निघताना मला दिला होता. माळ्यावर असणार.

७ ऑगस्ट, शुक्रवार

तांदळाची कणी नि मुगाची डाळ भिजवून थर्मासात. उकळतं पाणी घालून हलवलं, ओतून टाकलं. भांडं आतून तापायला हवं, ही आइनोची शिकवण. पुन्हा उकळतं पाणी, मीठ, हळद. झाकण घट्ट. शालीत गुंडाळून कॉटवर आडवं ठेवलं. मधे उघडायचं नाही, ही दुसरी शिकवण. फार अवघड. तीनदा हात लावून बघितला. बाहेरून थंडगार.

दुपारी उघडलं.

काय लिहू. शिजलं होतं. कण न् कण. संसाराला वीस वर्षं होऊन गेली, कितीक भात उतरवले, पण आज शिजलेला भात पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाटलं. उष्णता कोंडली की ती आपलं काम करते, एवढंच आहे खरं तर. अनंत शास्त्र सांगायला लागला. म्हटलं, आत्ता नको, आधी जेव.

८ ऑगस्ट

थर्मास माधुरीला दिला. बरोबर फिनलंडहूनच आणलेली विजेची किटली. तिने झाकण उघडून आत वाकून पाहिलं, विहिरीत बघतात तसं.

"हे चूल नाही ना, काकू?"

"चहाचं पाणी उकळायला परवानगी आहे. पुढे ते पाणी कशावर ओतायचं, ते कुणी सांगितलंय?"

हसली. पुष्कळ दिवसांनी. शांताकाकूंना मुद्दाम सांगायला गेले नाही मी. लपवलंही नाही. म्हणजे, थोडं लपवलंच.

१३ ऑगस्ट

परवाची फजिती. घरून आलेला उकडा तांदूळ टाकला बाईसाहेबांनी. कॉलेजातून भुकेजून आली तर पाण्यात खडे. उकडा तांदूळ चुलीवर रटरट शिजतो तेव्हा कुठे नरमतो, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. तिकडे उकडा कुठला असायला!

"पूर्णगडचा तांदूळ आहे काकू, तुमच्या परदेशी युक्तीला दाद देत नाही."

हसलो दोघी. पण ती त्या दिवशी उपाशीच राहिली, हे नंतर कळलं.

१९ ऑगस्ट, बुधवार

तिने काय केलं! उकडा फेकला नाही. जात्यावर भरडून आणला, रवाळ. रात्रभर भिजवला. सकाळी थर्मासात टाकून कॉलेजला. दुपारी तांबूस, दाट पेज. चमचा उभा राहील अशी. वाटीभर मला आणून दिली, वर एक आमसूल.

आइनोला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. माझ्या हातून एक डबा तिच्याकडे गेला आणि परत आला तो तिच्या गावची चव घेऊन. पेज पीत पीत खिडकीत बसून राहिले. गोष्ट आजही लिहून झाली नाही, त्याचं वाईट वाटलं नाही.

आता कुळथाच्या पिठाचं डोक्यात आहे तिच्या. वर्गातल्या दोघी मुली विचारून गेल्या, असा थर्मास कुठे मिळतो?

उद्या गणपतीला घरी जाईल. परत येईल ना?

६ सप्टेंबर, रविवार

आली! वडलांशी भांडून थोडी मुदत मिळवलीय. पुढच्या रविवारी ते स्वतः येऊन बघणार. तब्येत बरी वाटली नाही तर त्याच एसटीने परत.

आणि आजच नेमकं शांताकाकूंना कळलं. खोलीत पेजेचा वास. मला हाक. गेले तर काकू थर्मासासमोर मांडी घालून बसलेल्या, माधुरी भिंतीला टेकून उभी, चेहरा उतरलेला.

"हे शिजतंय ना?"

"शिजतंय. पण आग कुठेय काकू?"

त्यांनी पंजा ठेवला थर्मासवर. काढला. पुन्हा ठेवला.

"गार आहे गो हे..."

मग एकदम, "गार असो की गरम. भात शिजला म्हणजे चूल झाली. आज पेज, उद्या रेशनकार्ड. हिचा बापूस येईल ना रविवारी? त्याच्याशीच बोलेन."

झोप लागेलसं वाटत नाही. वडील न्यायला येणार, आणि काकू ठेवून घ्यायला तयार नाहीत.

१३ सप्टेंबर, रविवार

सगळं नीट आठवून लिहायचंय.

वडील सकाळच्या गाडीने आले. उंच, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. लेकीच्या पापण्या ओढून डोळे बघितले, मासा ताजा आहे का बघतात तसे. "बरी दिसतंस," एवढंच.

काकूंनी ओटीवरूनच खाचराची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, हा माणूस आता हसेल किंवा चिडेल. हसले नाहीत. खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "तुमचं भय खोटं नाय, आये. जमीन गेली की मानूस गेल्यासारकंच."

मग पिशवीतून नारळ काढला. काकूंच्या अंगणात, तुळशीसमोर ठेवला. टोपी सारखी केली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. ज्या आवाजात होडी पाण्यात लोटताना घालत असतील, त्याच आवाजात.

"बा देवा म्हाराजा, ही माजी पोर या घरात ऱ्हातंय. तिचा हितं वाटा नाय, हक्क नाय..."

"व्हय म्हाराजा," अनंत म्हणाला. मीही.

"ती शिजवील तां पोटाला, चूल मांडूक नाय. शिकंल आनि निगून जाईल. या आयेच्या मनातलां भय घालव, नि पोरीच्या पोटात अन्न ठरू दे, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" हा आवाज काकूंचा. सगळ्यांत मोठा. डोळे मिटलेले.

अनंतच्या कायद्याने जे झालं नाही, ते एका नारळाने.

माधुरीने थर्मास उघडला, वडलांना पेज वाढली. काकू आत गेल्या. वाटलं, झालं, रुसल्या. मेतकुटाची बरणी घेऊन आल्या. ताटाला हात लागू न देता, वरूनच चमचाभर टाकलं. टाकलं पण.

वडील सावकाश जेवले. थर्मास पालथा करून बूडही पाहिलं. शेवटी मलाच राहवलं नाही.

"मग, राहू दे ना तिला?"

"डाक्टर काय म्हनतो बगू."

"पण बाबा," माधुरी हळूच म्हणाली, "आत्ता देवाला सांगितलंत ना, शिकंल आनि निगून जाईल म्हणून?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तुळशीकडे. मग चपला शोधायला लागले.

गुरुवारी डॉक्टरांकडे न्यायला ते पुन्हा येणार आहेत. ट्रंक खोलीतच आहे. ती ठेवून गेले, की न्यायची राहिली, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. मलाही नाही.