हांजीनं उचललेली बंदूक

श्कोदर, ३ मार्च १९२४

ती. पाश्कदादास, धाकट्या मरिकाचा सा. न. वि. वि.

तुझ्या सराईच्या दारात माझ्या दिरानं, न्दोकनं, तुझ्याकडे उतरलेल्या झेफला गोळ्या घातल्या. घरी येऊन तो पोटभर जेवला; मला घास उतरला नाही. पाहुणा मारला गेला की खुनाचा बदला यजमानानं घ्यायचा. तू न्दोकवर उठलास तर मी कुठे जाऊ?

पण माझ्या नवऱ्यानं, लाझरनं, जाणत्यांना विचारलं. ते म्हणाले, हांजी म्हणजे सराईवाला, भाकरी विकणारा. तो यजमान नव्हे, त्याला बदल्याचं बंधन नाही. तेव्हा हांजीच राहा, दादा. तुझं कालवण कितीही खारट असलं तरी तू मला हवा आहेस.

वहिनीस नमस्कार. माया आहेच, ती जिवंत राहून वाढव.

तुझी मरिका

पुका रस्ता, ९ मार्च

चि. मरिकास अनेक आशीर्वाद.

जाणते खरं बोलले. तुर्क गेले, हांजी हा शब्द मागे ठेवून गेले. बारा वर्षं मला सगळे हांजी म्हणतात, कधी लाडानं, बहुधा शिवीसारखं. हांजी वाटसरूच्या बंदुकीला हात लावत नाही. यजमान ती दारातच काढून घेतो, आणि तिथून पाहुण्याचा जीव त्याच्या हवाली.

झेफ थंडीनं गारठून आला, बोटं वळत नव्हती. बाबा घरी पाहुण्याची घ्यायचे तशी मी त्याची बंदूक घेतली आणि खुंटीला अडकवली. हात सवयीनं गेला. खेचराला चारा टाकायला तो रिकाम्या हातानं बाहेर गेला. एक गोळी जबड्यात, दोन पोटात. उंबऱ्यावर पडून तो खुंटीकडे हात करत होता.

काल खिंडीत न्दोकला मी मारलं. रिवाजाप्रमाणे उताणा केला, त्याची बंदूक डोक्याशी ठेवली. तुझ्या घरात रडारड आणली याची लाज वाटते, केल्याची नाही.

रागावलीस तरी आशीर्वाद घे.

पाश्क

श्कोदर, १३ मार्च

दादा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. न्दोकचा रक्ताळलेला सदरा सासूबाईंनी भिंतीवर टांगलाय. तुला मारल्याशिवाय तो धुवायचा नाही. आज सकाळी लाझर निघाला. त्याचा काडतुसांचा पट्टा उसवला होता, तो मलाच शिवायला लावला. मी शिवला, घट्ट शिवला.

खेचरवाला म्हणतो, पत्र लाझरच्या आधी पोचवीन. पोचलं तर वहिनीला घेऊन डोंगरापलीकडे पळ. तू पळणार नाहीस, ठाऊक आहे. मग एवढं तरी ऐक. त्याच्यावर गोळी झाडू नकोस. माझ्या पोटात त्याचं मूल आहे. सख्ख्या भावाला असं कुणी लिहीत नाही. मी लिहिते आहे.

तुझीच,
मरिका