अभिमनच्या बांधावरचा टॉवर

३ जून
गावात एकदाचा टॉवर येतोय. रेंज नसलेल्या गावांसाठीची सरकारी योजना. जागा मात्र शेजारच्या अभिमनच्या बांधावर. इंजिनिअर म्हणाला, गिरधरभाऊ, तुमचं शेत खोलगट आहे. पंचवीस वर्षं कापूस घेतोय, मला कधी खोलगट वाटलं नाही. जळफळाट वगैरे नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ ऑगस्ट
टॉवर सुरू. लोक अभिमनला 'टॉवरभाऊ' म्हणतात. निश्चय: त्याची रेंज वापरायची नाही.
सायं. ७.१०. दोंडाईच्याहून मेहुण्याचा फोन. घेतला. मी लावला नव्हता, आला होता.

२ सप्टेंबर
जळगावहून रेंज वाढवणारा बूस्टर आणला. दुकानदार म्हणाला, बिल मागू नका. गच्चीवर बसवला. घरात फुल रेंज, स्वतःची. बायको, कुंदा, म्हणाली, ती त्या टॉवरवरूनच येते ना? बायकांना टेक्निकल कळत नाही.

९ सप्टेंबर
गावात कुणाचाच फोन लागत नाही. आपल्याकडे लागतो. सगळे अभिमनला बोलतात. वाईट वाटलं. जेवण चांगलं गेलं.

१४ सप्टेंबर
अभिमनची आई धुरपदाबाई अंगणात पडली. १०८ला फोन लागेना. तो फोन घेऊन गल्लीभर पळाला, शेवटी माझ्या ओट्यावर लागला. गाडी आली, आईला धरणगावला नेलं. जाताना माझे हात धरून म्हणाला, "भाऊ, तुमना घरनी रेंजमुये मन्ही माय वाचनी."
कुंदा गच्चीकडे बघत होती.
बूस्टर उद्या काढणार. नक्की.

१५ सप्टेंबर
शिडी डगमगते.

२१ सप्टेंबर
अँटेनावाली सरकारी गाडी गावात दोन चकरा मारून नेमकी माझ्या दारात थांबली. साहेब म्हणाले, विनापरवाना बूस्टर, यानेच सगळ्या गावाचं नेटवर्क बिघडलं. काढून नेला. नोटीस दिली. अभिमन समोरच उभा होता. चार शिव्या दिल्या असत्या तर मलाही बोलता आलं असतं.

२३ सप्टेंबर
सगळ्यांचे फोन लागतात. अभिमनने माझ्याविरुद्ध तक्रार लिहून द्यायला नकार दिला म्हणे. गावभर त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक. हाही मान त्यालाच.

२६ सप्टेंबर
धुरपदाबाई घरी आली. कुंदा म्हणाली, जाऊन माफी मागा. गेलो. म्हातारीने जवळ बसवलं, गालावरून हात फिरवला. म्हणाली, "तू व्हता म्हणीसन मी वाचनू, भाऊ." अभिमनने तिला काहीच सांगितलेलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने चहाचा कप पुढे केला.
घरी आल्यावर कुंदाने विचारलं, मागितली का?
म्हटलं, चहा घेतला.