सांजवेळची पावडर

बाई, आज सकाळी सुनेनं नातीच्या शाळेचा निरोप मोबाइलवरून वाचून दाखवला. दीड वर्ष बंद असलेली शाळा सोमवारपासून भरणार. मास्क लावून पाठवा, पाण्याची बाटली घरूनच द्या, लेकरू शिंकत असेल तर घरी ठेवा, एका बाकावर एकच लेकरू बसेल. शेवटी लिहिलं होतं की वर्ग दिवसातून दोनदा फवारले जातील. सून पुढचं वाचायला लागली, तर मी तिला थांबवलं. म्हटलं, "दुसऱ्यांदा कोण फवारणार?" ती हसली. "बाबा, तुमचं आपलं काहीतरीच असतं. फवारंल की कुणीतरी." आणि ती चहा ठेवायला गेली. मी मात्र तिथंच बसून राहिलो. तो प्रश्न माझा नव्हताच. तीस वर्षं होत आली, तो मला विचारला गेला होता, तुमच्यादेखत, तांड्याच्या पायवाटेवर, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. दुपारी पेटीतून जुनी वही काढली. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटून राहिलं आहे.

जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, सगळे कागद परभणीहून यायचे. आपली शाळा दोन खोल्यांची. तुम्ही मोठ्या बाई, मी तुमच्या हाताखालचा एकुलता एक गुरुजी. तुम्ही गावातच खोली करून राहत होता, मी गोरेगावहून जीपला लटकून यायचो आणि पाचच्या जीपनं परत जायचो. वर्गात गणित कमी आणि कविता जास्त, हा माझा दोष तुम्ही पहिल्याच महिन्यात ओळखला होता. "गुरुजी, पोरांना पावकी-निमकी येऊ द्या आधी, मग चांदण्या मोजू द्या," असं तुम्ही म्हणायच्या, आणि मी वर्गात चाल लावून कविता म्हणायला लागलो की पलीकडच्या खोलीत तुमचा आवाज मात्र हळूच थांबायचा. ऐकत असायच्या तुम्ही. मला ठाऊक होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या आगेमागे हगवण-उलटीची साथ आली. अर्ध्या कोसावरच्या टेकाडावर बंजाऱ्यांचा तांडा, तिथली माणसं नाल्याच्या झऱ्याचं पाणी प्यायची, म्हणून तिथं जास्त. दवाखाना लांब, रस्त्यात चिखल. डॉक्टरांनी शाळाच मागून घेतली. आपण सतरंज्या उचलल्या आणि त्या जागी माणसं निजवली. आढ्याला खिळे ठोकून सलाईनच्या बाटल्या टांगल्या. तिसरीतल्या एका पोरीची आजी तांड्यावरून बाजेवर घालून आणली होती. दोन दिवस सगळेच तिच्या सुनेला सांगत होते, बरी आहे, उतार पडतोय. मीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हातारी माझ्याच वर्गात, फळ्याखाली गेली. फळ्यावर आदल्या शनिवारी मी सुंदर अक्षरात लिहिलेली कविता तशीच होती.

महिन्याभरानं साथ ओसरली, शाळा सुरू करा म्हणून कागद आला. मला वाटलं, घंटा वाजवली की झालं. पहिल्या दिवशी गावातली सात लेकरं आली, तांड्यावरचं एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तुम्ही पदर खोचून भिंतींना चुना मारताय. मीही बाही वर केली. आढ्याचे बाकीचे खिळे काढले, म्हातारीच्या जागेवरचा एक खिळा मात्र निघता निघेना, तर तुम्ही तुमची खुर्ची आणून बरोबर त्याच्याखाली मांडली आणि तो वर्ग तुम्ही घेतलात. शाळेमागच्या विहिरीत रोज सकाळी जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकायचं कामही तुम्ही स्वतःकडे घेतलं. नाकाला फडकं बांधून बादलीत ती कालवायच्या, लिंबाच्या काठीनं ढवळायच्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मापाला नारळाची करवंटी, कारण पावडर चमचा खाऊन टाकायची. मग बाहेरच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवून त्यावर रोजची खबर लिहायच्या: आज इतकी लेकरं आली, कुणालाही ताप नाही, पाण्यात पावडर टाकली. मी एकदा त्याखाली "सर्व काही कुशल आहे" असं लिहायला गेलो, तर खडू काढून घेतलात. "सर्व काही तुम्ही पाहिलं का? पाहिलं तेवढंच लिहा."

पण तांड्यावर वाचता कुणाला येत होतं? तुम्ही म्हणालात, घरोघर जाऊन सांगू. आणि नेमकं तुम्हाला तीन दिवस तालुक्याला बैठकीला जावं लागलं. जाताना म्हणालात, "पावडर बघा. आणि तांड्यावर जाऊन या." ते तीन दिवस मी फार आनंदात होतो बाई, आता सांगायला हरकत नाही. माझ्या डोक्यात आलं की खबरीची कविताच करावी. लेकरांना शिकवावी, लेकरं घरी म्हणतील, घराला खबर पोचेल. दुपारी वहीत लिहिली, आणि तांड्यावर जाऊन देवळाच्या ओट्यावर लेकरं गोळा करून टाळ्यांवर शिकवली.

भिंत चुन्याने न्हाली गं,
शाळा पांढरी झाली गं.
पावडर पडे सकाळी,
पुन्हा पडे सांजवेळी.
पाटी-दप्तर घ्या हाती,
चला शाळेला सांगाती.

काय उचलली पोरांनी! शेळ्यांमागं म्हणतायत, चुलीपुढं म्हणतायत. म्हाताऱ्या बायका दात नसलेल्या तोंडानं हसतायत. तिसऱ्या दिवशी तांड्याच्या नायकानं, म्हणजे तिथल्या प्रमुखानं, सांगितलं, "गुरुजी, उद्या धाडतो समदी लेकरं." त्या संध्याकाळी मी जीपमध्ये बसलो तो हवेतच. माझ्या कवितेनं शाळा भरणार होती.

सकाळी तुम्ही परत आलात आणि शाळेत तीच सात लेकरं. आपण दोघं तांड्याकडे निघालो. वाटेवरच ती उभी होती, म्हातारीची सून, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हात कमरेवर. पोरगी तिच्या मागं दडलेली.

"या गुरुजी," ती म्हणाली. "तुमची कविता पाठ झाली माज्या पोरीला. मलाबी झाली. म्हनून दाखवू?"

मी भाबडेपणानं हसलो. म्हटलं, "मग लेकरं काहून नाही आली?"

"काल मी तुमच्या हिरीवर येऊन बसले व्हते. दिवस बुडंपोत्तर बसले. बघावं म्हनलं, कशी टाकतेत पावडर. कुनी चिटपाखरू आलं न्हाई. आता तुमीच सांगा, सांजवेळची पावडर कोन टाकून राहिलं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. कविता तुम्ही ऐकलेलीच नव्हती, तरी सगळं तुमच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता काहीतरी सांभाळून घ्याल. शिपाई आजारी होता म्हणाल, काहीही म्हणाल. तुम्ही सरळ तिला म्हणालात, "कुणी नाही टाकत. सकाळी टाकतो, ते खरं. सांजेचं खोटं आहे. चूक शाळेची आहे, आणि शाळा माझी आहे."

तिनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "माजी सासू तुमच्या शाळंत गेली, बाई. तवाबी समदे म्हनत व्हते, बरी हाय, बरी हाय. मला बरी हाय नगं. काय हाय ते सांगा." आणि पोरीचा हात धरून ती वळली. जाताना पोरगी मात्र मागं वळून मला बघत होती, ओठ हलत होते. कविताच म्हणत असावी.

आपण मागं फिरून नाल्याशी आलो. पाणी ओलांडून दगडावर बसलात, चष्म्याच्या काचा पदरानं पुसल्या. "काहून लिहिलं तसं?" मी म्हणालो, "यमक जुळत नव्हतं, बाई." तुम्ही चष्मा हातातच धरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कडाडाल. तर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "ती बाई अर्धा कोस चालून आली, गुरुजी. घरी चूल टाकून. तुमची एक ओळ खरी धरून विहिरीवर बसली. तुमच्या कवितेला आजवर इतकं कुणी मानलं होतं का?" मी मान खाली घातली. मारलं असतंत तर बरं वाटलं असतं. मग तुम्ही उठलात, लुगडं झटकलं. "आता ओळ बदलायची नाही. लेकरांना पाठ झाली ती. तुम्ही बदला. आजपासून सांजवेळची पावडर तुमची. आरोग्यसेवकाला विचारते, अर्धी करवंटी पुरेल. पाचची जीप विसरा."

सायकल आणली मी. रोज सगळे गेले की विहिरीवर एकटा थांबायचो, बादलीत कालवायचो, खोकायचो. पहिल्या दिवशी पँटवर पांढरे डाग पडले, बायकोनं घरी विचारलं, हे काय, तर म्हटलं, कवितेचे डाग आहेत. ती म्हणाली, "मग धुवा तुमचे तुम्हीच." दुसऱ्या सांजेला ती बांगड्यावाली पलीकडच्या बांधावर येऊन उभी राहिली, पोरगी कडेला. तिसऱ्याला पण. चौथ्याला पण. मी दिसेल अशा बेतानं करवंटी उंच धरायचो, दिसेल अशा बेतानं ओतायचो. पाचव्या सांजेला ती खाली उतरून विहिरीशी आली. "पावडर पान्यात पोचली का न्हाई ते कसं कळतं?" मी आरोग्यसेवकानं तपासणीला दिलेली काचेची नळी काढली, विहिरीचं पाणी घेतलं, औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. "पिवळं झालं म्हणजे पोचली," मी म्हटलं. तिनं नळी माझ्या हातातून घेऊन उन्हाकडे धरली, मग पोरीच्या हातात दिली. पोरगी आईकडे बघून म्हणाली, "याडी, हळदीवानी!" आईच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "आता म्हना तुमची कविता," ती म्हणाली. मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. चाळिशीतला माणूस मी, विहिरीच्या काठावर बादलीशेजारी उभा, आणि टाळ्या वाजवत सगळी कविता म्हटली. सांजवेळीच्या ओळीशी आलो तेव्हा तिनं मान हलवली. "आता बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच टेकाडावरून आवाज यायला लागला. तुम्ही दारात आलात, मी तुमच्या मागं. ज्वारीच्या मधल्या वाटेनं लेकरांची ओळ उतरतेय, डोकी तेवढी दिसतायत, आणि आवाज, भिंत चुन्याने न्हाली गं. ती पोरगी सर्वांत पुढं. उंबऱ्याशी आली आणि थांबली. वर आढ्याकडे, खिळ्याकडे बघत राहिली. मागची पोरंही गप्प झाली. मी काहीतरी गोड बोलायला पुढं होणार, तर तुम्ही माझा हात दाबलात. खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "इथं तुझी आजी निजली होती. आता मी बसते. चालंल का?" पोरीनं विचार केला. "व्हय. पर मी खिडकीपशी बसन." "बस," तुम्ही म्हणालात, आणि हजेरी उघडलीत.

चैत्रात विहीर तळाला जाईपर्यंत मी ती सांज चुकवली नाही. पुढच्या वर्षी तांड्यावर हातपंप आला, साथ परत आली नाही, तरी पावसाळाभर मी थांबायचो. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी सगळ्यांनी तुम्हाला शाल-नारळ दिले, आणि तुम्ही जाताना मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलंत. घरी उघडलं तर करवंटी. आतून पांढरीफटक, कडा झिजलेली. पुढं काही वर्षांनी तुम्ही गेल्याचा निरोप मला नरसीच्या फाट्यावर कळला, एसटीची वाट बघताना. मी आलो नाही. आलो असतो तर तुमच्या मुलांसमोर हेच सगळं सांगत बसलो असतो, आणि त्यातलं एक सांगायची माझी छाती नव्हती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. वहीतच ठेवतो, त्याच पानावर. कविता केली त्या दुपारचं पान आहे ते. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय, पण भिंगातून दिसतं. "पुन्हा पडे सांजवेळी" ही ओळ नंतर लिहिलेली आहे. तिच्यावर एक ओळ आहे, आडवी रेघ मारून खोडलेली, जी "पावडर पडे सकाळी"ला जोडून मला आधी सुचली होती: "बाई बादलीत ढवळी." मला बादली आवडली नाही. कवितेत बादली कशी यावी, असं वाटलं, आणि सांजवेळ हा शब्द मला लहानपणापासून फार गोड लागायचा. म्हणून मी बादली काढली, तिच्यासोबत तुम्हालाही काढलं, आणि नाल्यावर तुम्हाला खोटं सांगितलं.

जुळत होतं, बाई.